सात नंबरचं अक्षर

फोनवर नेवासकर सर म्हणाले,
"तांबोळी, माझं यंत्र मुकं झालंय."
गाणी लागतात? लागतात.
पडदा वाचून दाखवणारी बाई बोलते? चुरूचुरू बोलते.
"मग मुकं कसं?"
"टुक् म्हणत नाही. काठीचं टोक गेलंय गं माझ्या."

तापकीर गल्लीतलं शटर अर्धं ओढून
मी बिबवेवाडीला निघाले.
पिशवीत पेचकस, रॅमचे दात घासायला खोडरबर,
आणि शर्टाच्या बटणाएवढा बझर, लागला तर असावा म्हणून.
तिसरा मजला. लिफ्ट नाही.

सर पंचवीस वर्षं ब्रेल छापखान्यासाठी टाइप करतात.
ओळ संपली की टुक्.
नको ती कळ दाबली की टुक्.

यंत्र चालू होईपर्यंत मी बोलत बसले, त्यांना आवडतं.
आवाज कमी करायच्या दोन तऱ्हा, सर.
एक, वाजायच्या आधीच आकडे लहान करायचे,
म्हणजे चहात पाणी घालत जायचं, कप तेवढाच भरतो.
दुसरी, खाली चिपवरचा नळच आवळायचा.
पहिल्या तऱ्हेत शून्यावर आणलं तरी
अँप्लिफायर जागाच असतो,
कान लावला तर सुस्कारतो.
पट्टी सरकवणाऱ्याला कळत नाही
आपण नक्की काय सरकवलं.
यंत्रणा मधे बसून ठरवते, किती पाणी, किती नळ.

"आणि टुक्?"

तो या दोन्हींत नव्हताच, सर.
जुन्या पेट्यांत त्याची तार वेगळी.
घड्याळाच्या चिपला सांगायचं, इतक्या वेळा थरथर,
की खोक्याच्या तळाशी एक बटण थरथरायचं,
साउंड कार्ड मेलेलं असो, पडदा काळा असो.
आता त्याला साउंड कार्डाच्या पोटात घेतलंय,
इतरांसारखा खांब दिलाय.
अक्षरांच्या जुन्या तक्त्यात सात नंबरला घंटा आहे.
तिला आकार नाही. ती फक्त वाजते.

सर म्हणाले,
"म्हणजे एवढं एकच मला डोळसांइतकं वाचता येतं."

मिक्सर उघडला. उभे खांब.
मास्टर ऐंशी, पीसीएम पूर्ण,
कोपऱ्यात बीप, शून्य, आणि पायाशी दोन एम,
म्हणजे तोंड बांधलेलं.
शिवाय त्याचा ड्रायव्हर काळ्या यादीत,
एका फाइलीत एक ओळ,
तारीख दिवाळीच्या सुट्टीतली.
ही ओळ आपोआप पडलेली नव्हती.

कुकरची तिसरी शिट्टी झाली
आणि कमलिनीबाई दारात आल्या, हात पुसत.
"मीच सांगितलं होतं भाच्याला," त्या म्हणाल्या.
"पूर्वी दिवसाला दहा-बारा व्हायचे.
आता दोनशे.
भाजी चिरता चिरता मी मोजायचे.
नको म्हटलं तरी मोजलं जायचं."

सर आवाजाच्या दिशेने वळले,
जरा जास्तच वळले, फ्रीजकडे तोंड झालं.
"तुला तिकडे ऐकू येत होतं?"

बाईंनी फ्रीजवरचं फडकं उगाच सरळ केलं.

मी ओळ खोडली. एम काढले.
बीपच्या खांबाला सगळ्या मिळून आठच पायऱ्या,
अधलंमधलं काही नाही.
वरून एकेक खाली आले.
दर पायरीला सर बोट उचलायचे, येतंय.
ओट्यापाशी बाई हात वर करायच्या, येतंय.
खालून दुसऱ्या पायरीला
सरांचं बोट वर होतं
आणि बाईंचा हात ओट्यावर.
मग मी पंखा बंद करून पाहिला.
आणि पुन्हा लावला.
"हा चालू ठेवत जा," एवढंच सांगितलं, दोघांनाही.

अडीचशे रुपये. बझर पिशवीतच राहिला.
बाईंनी कागदात दोन चकल्या बांधून दिल्या.

जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, थांबून ऐकलं.
वर कळांची खडखड सुरू झालेली.
टुक् नाही.
एक तर ते चुकत नव्हते,
नाही तर माझं काम नीट झालं होतं.